गाडीचा आवाज येईपर्यंत

बंद घराचा वास आधी उशीत शिरतो, मग भिंतीत.

*

खालच्या घरी जेवणाच्या टेबलाला खुर्च्या तीन. चौथ्या बाजूला पत्र्याची ट्रंक, तिच्यावर दुमडलेली चादर. तिथे बसायची पाळी कायम बारक्याची. लग्न झालं, केस पिकले, तरी ट्रंक त्याचीच.

*

"एवढा मोठा माणूस, पण बसायची खुर्ची बघा. साधी, लाकडी. गादीसुद्धा नाही." दादा दाढी करताना आरशाला सांगतो. मग 'बघा' बदलून 'पाहा' म्हणून बघतो. गालावर साबण वाळत चाललाय.

*

टेकडीच्या शेवटच्या वळणावर कुठल्याही गाडीला दुसरा गिअर टाकावाच लागतो. त्या आवाजाने गावातली कुत्रीसुद्धा उठून बसतात.

*

"कोण भांडतंय आज?" आईने जिन्यातून विचारलं. "वाचनाची खोली अजून गारठलेली आहे. जा रे कुणीतरी, भांडा तिथे जाऊन."

स्वयंपाकघर

मागच्या दाराने ताई आत आली तेव्हा वहिनी मोठ्या चुलीपाशी बटाटे सोलत बसली होती. ताईच्या हातात बॅग होती आणि अंगावर अजून दवाखान्याचा वास. रात्रपाळी उरकून ती थेट बसमध्ये बसली होती.

"सांगितलं का तिला?" ताईने बॅगसुद्धा खाली ठेवली नाही.

"हळू बोला ना. वर गाद्या झटकताहेत त्या." वहिनीने सुरी थांबवली. "कोण सांगणार? तुमचे भाऊ म्हणतात, एवढी उबवणी पार पडू दे, मग बघू. दर वेळी मग बघू."

"आणि तू?"

"मी सून आहे हो ताई. मी सांगितलं तर पुढची वीस वर्षं मीच सांगितलं असं होईल."

ताईला हसू आलं. तिने बॅग ठेवली आणि चुलीवर हात शेकले. बाहेर ऊन चांगलं होतं, पण या घरात उन्हाळ्याच्या तोंडालासुद्धा दगडातून थंडी झिरपायची. म्हणून तर उबवणी.

धर्मगुरूंना गावात कुणी धर्मगुरू म्हणत नसे. 'वरचे' म्हणत. टेकडीवरच्या या घरात ते उन्हाळाभर राहायचे, बाकी वर्षभर घर बंद. फार पूर्वी, अगदी पहिल्या उन्हाळ्यात, तेव्हाचे वरचे आले ते ओल्या गादीवर झोपले आणि न्यूमोनियाने मरता मरता वाचले. डॉक्टरांनी औषधं दिली आणि सांगितलं, नुसत्या शेगड्या पेटवून भागायचं नाही, घरात आधी माणसं राहू द्या. काम आईच्या आजीकडे आलं, कारण तिचं घर टेकडीच्या पायथ्याशी, मागच्या पायऱ्या संपतात तिथेच होतं. शिवाय तिच्या घरात माणसं पुष्कळ आणि आवाज त्याहून पुष्कळ.

तेव्हापासून वरचे यायच्या आधी हे कुटुंब वर राहायला यायचं. राहायचं म्हणजे खरंखुरं राहायचं. प्रत्येक खुर्चीवर बसायचं. प्रत्येक खोलीत बोलायचं, हसायचं. भांडणही चालायचं, भांडणाने खोली लवकर तापते असं आजी म्हणायची. वरच्यांच्या पलंगावर दुपारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने आडवं व्हायचं, म्हणजे गादीतली ओल निघते. वरची वस्तू खाली न्यायची नाही. वर काही विसरून राहिलं तर ते वरचंच झालं. आणि वळणावर गाडीचा आवाज आला, की हातातलं काम टाकून मागच्या दाराने पळायचं. पुढच्या फाटकातून वरचे आत येईपर्यंत घरात चिटपाखरू दिसता कामा नये. नुसती ऊब राहिली पाहिजे.

इतक्या पिढ्यांत या कुटुंबातल्या कुणी वरच्यांना या घरात पाहिलं नाही. पाहिलं ते चौकातून, लांबून, हात हलवताना.

आणि या वर्षी वरचे येणारच नव्हते. जुने हिवाळ्यात गेले. नव्यांना म्हणे शहरातून हलायचं नाही, उन्हाळासुद्धा लोकांतच काढायचा. घर लोकांना बघायला उघडणार. बघ्यांनी आत शिरू नये म्हणून खोल्यांना दोऱ्या बांधायला माणसं येणार होती, तीही आजच, संध्याकाळच्या आत. दादाला वरच्यांच्या कार्यालयातून फोन आला होता. किल्ल्या त्याच्याकडेच राहतील, माहिती सांगायचं कामही त्यालाच. अट एकच, माणसं येतील तेव्हा घर रिकामं हवं.

"मी सांगते जेवताना," ताई म्हणाली. "रोज परक्यांच्या घरच्यांना वाईट बातम्या देते मी. स्वतःच्या आईला एक देता येणार नाही?"

तेवढ्यात आई जिन्यातून उतरली. पदर कमरेला खोचलेला, केसांत कापसाचे तंतू. लेकीला बघून तिने आधी तिचे गाल दाबले, मग मनगट.

"वाळलीस. बरं झालं आलीस गं. चार माणसं कमी पडत होती या वर्षी. जेवणघरात जाऊन जरा मोठ्याने हस बघू."

ताई जेवणघरात गेली. मोठ्याने हसली. आणि परत आली तेव्हा वहिनीच्या कानात म्हणाली, "मला नाही जमणार."

"झालं," वहिनी म्हणाली आणि पुढचा बटाटा उचलला.

जेवणघर

(या खोलीत पूर्वी काय काय झालं: आईच्या थोरल्या मामाने इथे लग्नाला नकार दिला. ताईचा पहिला दात इथे पडला आणि फळीच्या फटीत गेला, तो अजून तिथेच आहे. वडील पहिल्यांदा जावई म्हणून उबवणीला आले तेव्हा याच टेबलापाशी गप्प बसून राहिले. सासू म्हणाली, जावईबापू, काहीतरी बोला, नाहीतर ओल जाणार नाही. ते घाबरून एकदम गाऊ लागले. बेसूर. आई त्या क्षणी प्रेमात पडली, लग्नानंतर.)

बारक्या उशिरा आला. चौकात त्याचं चहाचं दुकान होतं आणि पाव पोचवायची एक गाडी होती, जिचा सायलेन्सर तारेने बांधलेला होता. तो आज पाय आपटत आला. पाव टेबलावर टाकले, दादाच्या समोरची खुर्ची ओढली.

"काय रे, चेहरा का असा?" आईने विचारलं.

"काही नाही. दादाला विचार."

"मला कशाला?" दादा भाजी वाढून घेत म्हणाला.

"फाटकाजवळ कॉफीचं यंत्र बसणारे म्हणे. बटण दाबलं की कप बाहेर. तुला ठाऊक होतं की नाही?"

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनीने पाण्याच्या तांब्याकडे.

"ते माझ्या हातात आहे का?" दादा म्हणाला.

"मग काय आहे तुझ्या हातात? किल्ल्या तेवढ्या आहेत. तू इथे उभा राहून भाषण देणार, पाहुणे वर कॉफी पिणार, आणि मी चौकात माश्या मारणार. सख्खा भाऊ ना तू? एक शब्द टाकायला जड झाला?"

"छान," आई म्हणाली. "असं जोरात. ही खोली आता तापेल."

"अगं आई, खरंच भांडतोय आम्ही!"

"मग मी कुठे म्हणते खोटं? तुझे आजोबा आणि त्यांचे भाऊ तर एकदा ताटं घेऊन उठले होते. त्या वर्षी वरच्यांना साधा खोकला झाला नाही. वरचे आले की तूच सांग त्यांच्या माणसांना, यंत्र नको म्हणून."

"बारक्या," ताई हळूच म्हणाली.

पण बारक्याचा घास हातात तसाच होता. "कुठले वरचे?" तो म्हणाला. "कोण येणारे? कुणी येत नाहीये, आई. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. संध्याकाळी दोऱ्या बांधायला माणसं येणारेत. आम्हा सगळ्यांना माहीत आहे."

दादाने पाव मोडला आणि परत ताटात ठेवला. चुलीवरच्या किटलीचं झाकण आपलं वाजत राहिलं.

आईने घास संपवला. पाणी प्यायली. मग म्हणाली, "मग पडदे कशाला धुवून घेतलेत माझ्याकडून?"

"आई, ऐक—"

"शर्टाची कॉलर घासावी तसे घासले मी ते. कंबर गेली माझी."

"मी सांगणारच होतो," दादा म्हणाला.

"कधी?"

आई उठली, ताट उचलून मोरीत ठेवलं, पदराला हात पुसले आणि जिना चढू लागली. अर्ध्यावर थांबून म्हणाली, "तुम्ही जेवा. माझी आडवं व्हायची वेळ झाली."

"आई, अगं ती माणसं येतील! त्यांच्यासमोर कुणी असून चालायचं नाही!" दादा मागून ओरडला.

"गाडीचा आवाज आला की उठते. रीतच आहे तशी."

"पण वरच्यांची गाडी येणारच नाही!"

"मग उठायचं कधी, ते रीतीत नाही," आई म्हणाली आणि वर गेली.

वरच्यांची खोली

पलंगावर ती आडवी झाली खरी, पण झोप येईना. मग उठून खुर्चीत बसली.

या खोलीत सगळं जड आणि कोरीव: पलंग, कपाट, टेबल. एक ही खुर्ची तेवढी हलकी, पाठीला दोन पट्ट्या, बसायची फळी मधे जराशी झिजलेली. आईची आई असताना उबवणीत एकदा तरी या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवायची. विचारलं तर म्हणायची, धूळ होती.

खिडकीतून डावीकडे तळं दिसतं. सगळे म्हणतात, तळ्यासाठीच ही खोली. उजवीकडे मान वळवली तर टेकडीचा उतार, मागच्या पायऱ्या आणि अगदी खाली त्यांचं स्वतःचं घर. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असेल तर आत हलणारा माणूससुद्धा कळतो.

नुकतीच आई झाली होती तेव्हा तिने खुर्ची पहिल्यांदा फिरवली. तळ्याकडून घराकडे. थोरला पाळण्यात होता, खाली शेजारणीजवळ ठेवलेला, आणि तिला त्याचा पाळणा दिसायला हवा होता. गाडी आली, सगळे पळाले, खुर्ची तशीच राहिली. उन्हाळा संपून वरचे गेले, कपडे धुवायला ती वर आली तर खुर्ची पुन्हा तळ्याकडे. पुढच्या वर्षी तिने फिरवली, वरच्यांनी परत फिरवली. लाकडी जमिनीवर पायांच्या खुणा उमटल्या. चार या बाजूच्या, चार त्या बाजूच्या.

मग तो उन्हाळा आला. बारक्याचा जन्म त्याच वर्षीचा. वरचे गेल्यावर ती खोलीत आली आणि दारातच थांबली. खुर्चीचं तोंड घराकडे होतं. आपण ठेवली तशीच. म्हणजे सबंध उन्हाळा एक म्हातारा माणूस तळं सोडून त्यांच्या घराकडे बघत बसला होता. दोरीवरची लंगोटं, कोंबड्यांमागे धावणारी ताई, दारात विडी ओढणारा तिचा नवरा, हे सगळं बघत. तिने हे कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर उन्हाळ्यात स्वयंपाकघराची खिडकी ती कधी बंद करत नसे. पाऊस आत आला तरी.

ते वरचे गेले, दुसरे आले. त्यांनी खुर्चीला हात लावला नाही. त्यांना वाटलं असेल, इथली पद्धतच असेल.

दार वाजलं.

"आई, मी आहे." दादा. मागे ताई, तिच्यामागे वहिनी.

"उघडंच आहे. पाय पुसून या."

दादा उंबऱ्यात उभा राहिला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण हात बांधून उभा राहिला की सातवीतला दिसायचा. "आई, मी चुकलो. पण आता चल खाली. ती माणसं कार्यालयातली आहेत. त्यांना सांगितलंय मी, घर रिकामं असेल. तू अशी बसलेली दिसलीस तर किल्ल्या काढून घेतील माझ्याकडून. मग या घरात आपलं कुणीच उरणार नाही गं. निदान मी तरी राहू दे."

"भाषण पाठ झालं का तुझं?"

"झालं."

"म्हणून दाखव."

दादाने घसा खाकरला. "धर्मगुरू दररोज सायंकाळी या खुर्चीत बसून तळ्याचं दर्शन घेत. एवढा मोठा माणूस, पण बसायची खुर्ची पाहा—"

"तळ्याचं?" आई म्हणाली.

"फोटोत तसं आहे. त्या फोटोप्रमाणे मांडणार आहेत सगळं."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. ताई तिच्या पायाशी जमिनीवर बसली. नाडी बघावी तसं तिने आईचं मनगट धरलं. "राहू दे ना रे तिला," ती म्हणाली. "ते आले तर मी बोलते त्यांच्याशी."

"काय बोलशील? सकाळी तूच म्हणत होतीस सांगून टाकू!"

"सकाळी मला हसायला नव्हतं लावलं तिने."

"भांडू नका रे," आई म्हणाली. "ही खोली पुरेशी तापली आहे. जा तुम्ही खाली, मी कुणावर रागावले नाहीये. पण माझी आजी गाडी ऐकून उठली, माझी आई गाडी ऐकून उठली. मी अशीच कशी उठू? हे काय बसस्टॉप आहे, गाडी रद्द झाली म्हणून घरी जायला?"

वहिनी दारातच उभी होती. तिला या घरात येऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण पहिल्या उबवणीत सासूने तिला अंगणात नेऊन वळणाकडे कान द्यायला शिकवलं होतं, ते तिला आत्ता आठवलं. ऐक, गाडी कुणाचीही असो, वळणावर सगळ्या सारख्याच ओरडतात.

ती जिना उतरली.

मागची पायरी

बारक्या पायरीवर बसून पावाचा तुकडा कुस्करत होता. चिमण्या जमल्या होत्या.

"रागावली का?" त्याने विचारलं.

"तुमच्यावर नाही. भाऊजी, गाडी चालू होते का तुमची?"

"उतारावर होते. का?"

वहिनीने का ते सांगितलं. बारक्याने तिच्याकडे बघितलं, मग वरच्या खिडकीकडे.

"तिला कळेल. माझा सायलेन्सर आंधळ्यालासुद्धा कळतो."

"कळू दे की."

दादा मागून आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने पायाजवळचा पावाचा तुकडा चिमण्यांकडे ढकलला.

"जा ना," तो म्हणाला.

"आता जा ना? आणि यंत्राचं?"

"बोलतो मी त्यांच्याशी. आज आले की बोलतो."

"आईच्या भाषेत सांग. कधी?"

"आधी यंत्र, मग दोऱ्या. झालं समाधान?"

बारक्याने हात झटकले आणि उठला. जाता जाता म्हणाला, "आणि घरी गेल्यावर ट्रंकेवर तू बसायचं. महिनाभर."

वळण

आधी काहीच नाही. वारा. खाली चौकात कुणीतरी शटर ओढलं.

मग लांबून घरघर. ताई आईच्या पायाशी बसली होती, तिला आईचं मनगट घट्ट झालेलं कळलं.

मग वळण. दुसरा गिअर. इंजिन दर वर्षी ओरडायचं तसंच ओरडलं, त्याच जागी, तेवढाच वेळ. मागोमाग सायलेन्सरचा खडखडाट, तार, पत्रा, सगळं. आणि वर हॉर्न. एकदा, मग घाबरून पुन्हा एकदा.

ताईने डोळे मिटून घेतले.

"आले," आई म्हणाली. "उठा, उठा! किटली कुणी उतरवली का? चटया घे गं!"

आणि मग घर पळालं. वहिनीने किटली, दादाने गरम भांडं हातरुमालात धरून, ताईने चटया बगलेत. जिन्याच्या पायथ्याशी दादा आणि ताई एकमेकांवर आदळले आणि ताई हसायला लागली, लहानपणी हसायची तशी, तोंडावर हात दाबून, कारण आवाज करायचा नसतो. दादाही हसायला लागला. त्याच्या हातातलं भांडं पोळत होतं.

वर आईने पलंगावरची चादर तळहाताने सरळ केली. उशीवरचा खड्डा थोपटून काढला. खुर्चीला हात लावला नाही. दादा धापा टाकत तिला न्यायला परत आला, तेव्हा ती दारात उभी राहून शेवटचं बघत होती.

"चल ना गं, आत येताहेत."

"हो, हो."

"आई," तो खुर्चीकडे बघून म्हणाला, "ती लोकं फिरवतील गं तिला. फोटोप्रमाणे."

"फिरवू देत. आधीच्यांनीही फिरवलीच होती."

मागच्या पायऱ्या ते चौघे खाली उतरू लागले. आई मधे, एका बाजूला ताईचा हात, दुसऱ्या बाजूला वहिनीचा. ऊन कलतं झालं होतं. पुढच्या फाटकाशी पावाची गाडी उभी होती आणि बारक्या तिच्यातून उतरून, काय करावं न सुचून, दोन्ही हात पँटला पुसत होता. पुढच्या फाटकातून आत शिरलेला या घराण्यातला तो पहिलाच माणूस. त्याने वर बघितलं, घर रिकामं होतं. तो फरशीवरून चार पावलं चालला, दाराला हात लावला, आणि त्याला वाटलं, आतून ऊब येतेय.

खाली अर्ध्या पायऱ्यांवर आई थांबली.

"हॉर्न कशाला वाजवला मेल्याने?" ती म्हणाली. "वरचे कधी हॉर्न वाजवत नसत."

आईच्या जन्माच्या आदल्या उन्हाळ्यात तिच्या आईने खालच्या घरातली चौथी खुर्ची शिवण घेऊन बसायला वर नेली होती, आणि गाडीचा आवाज आल्यावर घाईत ती खाली आणायची राहून गेली.